खरा रोरादोन

मी भित्रा माणूस नाही. सावध आहे. हा फरक आमच्या घरात कुणाला पटत नाही, पण पिरंगुटच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं माल तपासतो, तिथं तो सगळ्यांना पटतो. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी एक पिन माझ्या टेबलावरून पुढं जाते. ती केसभर जाड निघाली तरी मी तिला लाल चिठ्ठी लावतो. अशा माणसाला भित्रा म्हणायचं असेल, तर मग ब्रेकलाही भित्रा म्हणा.

तर, नलिनी जगदाळे मॅडमना मी घाबरलो नव्हतो. निदान पहिली दहा मिनिटं.

त्या आमच्या नेऱ्याच्या फ्लॅटवर एका रविवारी सकाळी आल्या. कंपनीच्या वार्षिक दिवसाला मी माझे रोबो मांडले होते. गाडीचं माणूस होतात आणि माणसाची गाडी होते, तसले. घरात असे त्रेचाळीस आहेत. त्या मांडणीचा फोटो फिरत फिरत मॅडमपर्यंत पोचला होता. आल्या आल्या त्यांनी खोलीत एक चक्कर मारली, खिडकीचे गज हलवून पाहिले, "पक्के आहेत," म्हणाल्या आणि खुर्चीत पाठ न टेकता बसल्या. मग पिशवीतून तीन रोड-रोलर काढून टीपॉयवर ओळीनं उभे केले. पिवळे, वीतभर लांब, एकासारखे एक.

माझ्या तोंडून त्या रोबोचं नाव आपोआप निघालं, "रोरादोन!"

"ओळखता म्हणजे," मॅडम म्हणाल्या. "माझा भाऊ जहाजावर फिटर होता. यातला एक त्यानं चाळीस वर्षांपूर्वी जपानहून आणला. एक त्याच कंपनीनं नंतर पुन्हा काढला, तो. आणि एक नकली आहे, कुठल्यातरी बंदरावरच्या बाजारातला. कोणता कोणता, ते फक्त त्याला माहीत होतं. फेब्रुवारीत तो गेला. जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाला, ताई, त्यातला खरा मृण्मयीला दे. मृण्मयी त्याची मुलगी. ती कॅनडाला चाललीय, कायमची. पुढच्या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे येणार. तोवर मला खरा कोणता ते सांगा."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं "बघतो, प्रयत्न करतो," असं म्हटलं असतं. मी म्हणालो, "मॅडम, एका संध्याकाळचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कशानंच नाही. नुसतं पाहिलं. मी उगाचच उठून उभा राहिलो.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "चूक नको. आणि लेखी द्या."

त्या गेल्यावर समोरच्या फ्लॅटमधले माऊली बोडके आत आले. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती पूर्वी माऊलींची. त्यामुळं कुठल्याही दारातून आत यायचा हक्क त्यांनी खरेदीखतात राखून ठेवलाय, अशी त्यांची समजूत आहे.

"ती जेलची बाई हितं कशाला आलती?"

"जेलची?"

"मंग! आख्खं जेल चालवायची ती. आमचा गजा, चुलतभाऊ, बांधावरच्या मारामारीत सहा म्हयनं आत व्हता. म्हनायचा, ही बाई मारत न्हाई, शिव्या देत न्हाई. नुसती बघती. बारा वर्सं झाली ओव्हाळ, गजा अजून झोपंतनं उठून उभा ऱ्हातुया आन आपला नंबर सांगतुया."

माझ्या लक्षात आलं की मी अजून उभाच होतो.

माऊलींनी एक रोलर उचलून उलटा केला. "जुना कोन्ता, हेच वळखायचंय ना? सोपं हाय. बैलाचं वय दातावरनं कळतं. ह्याचं दात बघा."

"याला दात नाहीत, माऊली."

"मंग खूर बघा."

मी खूर पाहिले. तिन्ही सारखे होते. नंतर बाकी बिल्डिंगनंही सल्ले दिले. तळमजल्यावरच्यांनी पाण्यात बुडवून बघायला सांगितलं, सेक्रेटरींनी सोनाराकडे न्यायला. खेळण्याला वास असतो असंही कुणीतरी म्हणालं. मी सगळ्यांना हसून वाटेला लावलं. आमच्या शास्त्रात वास घेत नाहीत. आमच्या शास्त्रात खोलतात.

सोमवारी कामावरून आल्यावर मी गॅलरीत तीन स्टीलची ताटं मांडली. प्रत्येक ताटात एक रोरादोन. बारीक पेचकस घेऊन तासाभरात तिन्ही सुटे केले. एकेकाचे एकतीस भाग, स्क्रू आणि स्प्रिंग धरून. तिन्ही ताटांचे फोटो काढायला मोबाईल उचलला, आणि तेवढ्यात खालून सेक्रेटरींचा फोन आला, की माझी स्कूटर पाहुण्यांच्या जागेत उभी आहे आणि पाहुणे आले आहेत. पाहुण्यांची जागा कुठून सुरू होते, यावर आमच्यात वीस मिनिटं चर्चा झाली. माझी बाजू बरोबर होती. हे मी अजूनही म्हणतो, कारण त्या संध्याकाळी माझं बरोबर असं तेवढंच होतं.

वर आलो तर गॅलरीत ताटं नव्हती. ती धुऊन पालथी घातलेली होती. आई विहारातून आली होती आणि मोरीत पाटावर बसून एका घमेल्यात काहीतरी घासत होती.

"आई, त्या ताटांत..."

"व्हय रे बाबा, किती ती घान! काळं त्याल, मळ. समदं एका जागी करून धुतलं बघ. लोखांड व्हतं त्याला चिंच लावली. बघ कसं लखलखतंय!"

घमेल्यात त्र्याण्णव भाग लखलखत होते.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. आईला वाटलं मला आनंद झाला. तिनं आणखी एक चाक पदरानं पुसून दाखवलं. चंगुणाबाई ओव्हाळ, वय अठ्ठ्याहत्तर, हिला मी काय बोलणार? तिनं आयुष्यभर जे हाताला लागलं ते स्वच्छ केलं आणि त्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. पण चाळीस वर्षांचा जो डाग, जो घट्ट मळ बघून मी 'हा जुना' म्हणून बोट ठेवणार होतो, तो चिंचेबरोबर मोरीतून निघून गेला होता. आता खरा रोरादोन कोणता, हा प्रश्नच उरला नव्हता. खरा रोरादोन जगात उरला नव्हता. घमेलं उरलं होतं.

माझी बायको तृप्ती म्हणाली, "सरळ जाऊन सांगा त्यांना."

"सरळ?"

"हो. चूक झाली म्हणायचं. माणूसच आहे ना ती."

तृप्ती शाळेत शिकवते. चूक कबूल केली की शिक्षा निम्मी होते, हा नियम ती मुलांना सांगते. पण मुलांसमोर ती उभी असते, नलिनी मॅडम नाहीत.

मंगळवारी आणि बुधवारी मी व्हर्नियर घेऊन बसलो. भागांची लांबी मिलिमीटरच्या दशांशात मोजायची ती पट्टी. तिनं मला थोडा धीर दिला, कारण नकली माल करणारे मूळ वस्तूवरूनच साचा घेतात, आणि साच्यातला माल थंड होताना आकसतो. त्यामुळं नक्कल ही मुळापेक्षा जराशी लहान असते. एकतीस लहान भाग वेगळे निघाले. नकली सापडला! मी एकदम इतका ओरडलो की माऊली आत आले.

"गावला?"

"नकली गावला."

"आन खरा?"

खरा आणि नंतर काढलेला हे एकाच साच्यातले. मापं तीच. बासष्ट भाग, दोन मालक. फरक असला तर तो धातूच्या आत, मिश्रणात. आमच्या कारखान्यात पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. ते धातूवर रोखलं की आत काय काय किती आहे ते पडद्यावर येतं. गुरुवारी मी घमेल्यातला सगळा ऐवज खाकी पाकिटांत भरून, स्कूटरवर माण, घोटावडे करत पिरंगुटला नेला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी हळू आवाजात नलिनी मॅडमची माफी मागितली.

फाटकावर स्टोअरचे गोरखराव होते.

"काय हाय त्यात?"

"सुटे भाग. तपासून परत न्यायचेत."

"कशाचं भाग?"

"रोबोचे."

"कंपनीनं रोबो घेतला? मला कागद न्हाई आला."

"माझा आहे. म्हणजे माझा नाही. म्हणजे एका मॅडमचा."

गोरखरावांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि रजिस्टरात लिहिलं: नमुना माल, नग त्र्याण्णव, परत जाणार. या 'परत जाणार' शब्दांचं महत्त्व मला ठाऊक होतं. तो नियम तीन वर्षांपूर्वी मीच सुचवला होता. जो माल परत जाणार म्हणून आत आला, तो नगाला नग जुळल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. त्या सूचनेबद्दल मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी यंत्र वापरलं. धातूचे भाग सुरेख वेगळे झाले. जुन्या मालात शिसं जास्त, नव्यात नाममात्र. प्लास्टिकच्या भागांवर मात्र यंत्र मुकं. ते मी उजेडात धरून, पिवळेपणा बघून लावले. चार बिनचूक, दोन बहुतेक बरोबर, सहा देवाच्या भरवशावर. आणि मी देव मानत नाही, त्यामुळं ते सहा माझ्यावरच आले.

संध्याकाळी फाटकावर गोरखरावांनी पाकिटं उघडून मोजायला घेतली. मोठ्यानं. शेजारी दोन ट्रकवाले उभे राहून ऐकत होते.

"ब्याण्णव."

"परत मोजा."

परत मोजले. ब्याण्णव. एक स्प्रिंग नव्हती.

"साहेब, एक कमी हाय. मोठ्या साहेबांची सही लागंल."

"ते कुठायत?"

"चाकणला. सोमवारी येत्यात."

सोमवार. माझ्या डोळ्यांसमोर रविवार उभा राहिला, सकाळचे दहा, आणि रिकामी पिशवी घेऊन मी. गोरखराव वाईट माणूस नाहीत. त्यांना दया येत होती, पण नियमापुढं ते दया करू शकत नव्हते, आणि तो नियम कुणी सुचवला हे दोघांनाही माहीत असल्यानं आम्ही एकमेकांकडं पाहणं टाळत होतो. मी पुन्हा आत गेलो. टेबलाखाली गुडघ्यांवर रांगलो. केराचा डबा चाळला. एक नवीन रुजू झालेली मुलगी म्हणाली, "सर, काही हरवलंय का?" मी म्हणालो, "नाही, तपासणी." टेबलाखालची तपासणी तिनं वहीत टिपून घेतली.

शेवटी मी बाथरूममध्ये गेलो, खिशातलं बटणाचं पेन उघडलं आणि त्यातली स्प्रिंग काढली. एकोणीस वर्षांत मी एकही चुकीचा भाग पुढं सोडला नव्हता. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

"त्र्याण्णव," गोरखराव म्हणाले. त्यांनी ती स्प्रिंग बोटांत धरून दाबली, सोडली. मग सहीसाठी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. मी पेन काढलं. पेनाचं टोक आत घसरलं.

"हे घ्या," म्हणून त्यांनी स्वतःचं पेन पुढं केलं आणि बराच वेळ घोटावड्याच्या रस्त्याकडं बघत राहिले.

शुक्रवारी तिन्ही रोरादोन पुन्हा उभे राहिले. शनिवारी मी तीन पानी अहवाल लिहिला. क्रमांक एक, मूळ. क्रमांक दोन, नंतरचा. क्रमांक तीन, नकली. दोष, मापं, धातू, सगळं. त्यात 'अंदाजे' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. धुतल्याचं, मिसळल्याचं, स्प्रिंगचं मी अहवालात लिहिलं नाही. ते तोंडी सांगायचं ठरवलं.

तृप्ती म्हणाली, "तालीम करा. मी मॅडम."

ती खुर्चीत पाठ न टेकता बसली आणि माझ्याकडे नुसतं पाहू लागली. दीड मिनिटात मी घमेलं, चिंच आणि स्प्रिंग कबूल केली. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात, न विचारता, कपाटातले तीन रोबो तिला न सांगता विकत घेतल्याचंही कबूल केलं. तालीम तिथंच थांबली. उरलेली संध्याकाळ वेगळ्या विषयावर गेली.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दोघं कासार आंबोलीला मॅडमच्या बंगल्यापाशी पोचलो. भोवती शेतं, आंब्याची कलमं, आणि माणसापेक्षा उंच लोखंडी फाटक. मॅडमनी आम्हाला आत घेतलं, फाटकाला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून बघितलं.

"सवय," त्या म्हणाल्या.

तृप्तीनं माझा दंड धरला. मला धीर द्यायला धरला असं मी समजलो. तिचा हात गार होता.

व्हरांड्यात मृण्मयी बसली होती. तिशीची, डोळ्यांखाली काळं, पायाशी एक मोठी बॅग अर्धी भरलेली. मी तिन्ही रोबो टेबलावर ठेवले, माणसाच्या रूपात, आणि अहवाल मॅडमच्या हातात दिला. हातातून कागद सुटताच आता बोललं पाहिजे असं वाटून मी घसा साफ केला.

"मॅडम, एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी हे खोलले होते. आणि मग माझी आई..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

मृण्मयी उठली होती. तिनं पहिल्या रोबोचा हात हातात घेतला, सोडला. दुसऱ्याचा घेतला, सोडला. तिसऱ्याचा घेतला आणि ती मटकन खाली बसली, त्याला मांडीवर घेऊन.

"हा," ती म्हणाली. "आत्या, हाच. हे बघ, दोन्ही हात डावे. मी डावखुरी म्हणून शाळेत मारायचे ना मला, तेव्हा बाबा बोटीवरून आले आणि म्हणाले, मृण्मू, सगळ्या जपानात एकच डावखुरा रोबो होता, तो मी तुझ्यासाठी शोधून आणलाय. दोन हात डावे, म्हणजे तुझ्यापेक्षाही डावखुरा." ती हसत होती आणि तिचं नाक वाहत होतं. "मला वाटलं होतं कुणीतरी टाकून दिला असेल. चेहऱ्यानं मला तिघं सारखेच दिसतात. पण हात!"

क्रमांक तीन. पान दोन, दोष सात: 'दोन्ही हात डाव्या बाजूचे, उजव्या हाताचा साचाच नाही, निकृष्ट नक्कल.' लाल शाईनं, खाली रेघ मारून.

आणि नलिनी मॅडम त्या क्षणी पान दोन वाचत होत्या.

मी आजवर कारखान्यात आग लागल्याचं पाहिलंय. पंचेचाळीस टनांचा प्रेस माझ्यापासून चार फुटांवर निखळलाय. पण त्या व्हरांड्यातल्या अर्ध्या मिनिटात जी भीती वाटली, शपथेवर सांगतो, तशी मला कधी वाटली नाही. कारण मृण्मयी एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, तुम्ही तपासलंत ना? हाच खरा ना?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षं तेच एक उत्तर देत आलोय. माल सदोष असेल तर सदोष म्हणायचं, समोर कुणीही असो. मी तोंड उघडलं. तृप्तीनं दंडात नखं रुतवली. मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"काय लिहिलंय त्यांनी?" मृण्मयीनं आत्याला विचारलं.

मॅडमनी अहवालाची घडी घातली. एक, दोन, तीन, चार. इतकी बारीक की कागद मुठीत मावला.

"ओव्हाळ म्हणतायत, तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हाच खरा."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "हाच. शंभर टक्के."

चहा झाला, पोहे झाले. मृण्मयीनं त्या रोबोला बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळून ठेवलं आणि वडिलांच्या बोटीवरच्या गोष्टी सांगत राहिली. भावाचं नाव निघालं की मॅडम उठून कुणाच्यातरी बशीत आणखी पोहे वाढायच्या.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. कुलपाला किल्ली लावली आणि फिरवायच्या आधी थांबल्या.

"एकतीस वर्षं मी नोकरी केली, ओव्हाळ. एक खोटी नोंद केली नाही."

"माहीत आहे मॅडम."

"या कागदाची तुमच्याकडे प्रत आहे?"

"आहे. आम्ही नेहमी दोन..."

त्या बघत राहिल्या.

"नाही," मी म्हणालो. "प्रत नाही."

किल्ली फिरली. "तुमच्या आईचं काय सांगत होतात तुम्ही?"

"तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"त्यांनाही माझा सांगा," मॅडम म्हणाल्या आणि फाटक उघडलं.

आम्ही पौड रस्त्याला लागलो. भूगावचा फलक दिसला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की पिरंगुटचं वळण मागंच राहिलं आणि आपण घराच्या उलट दिशेला, थेट पुण्याकडं चाललोय.

"अहो, कुठं निघालात?" तृप्तीनं मागून विचारलं.

"कुठंही," मी म्हणालो. "फाटकाबाहेर आहोत ना, मग चालू दे."